लंगडीचा उजवा पाय

माझ्या सासऱ्यांच्या एकूण एक शर्टाचा डावा खिसा खाली ओघळलेला असायचा. त्यात कायम व्हर्नियर असे, मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्यापर्यंत मोजणारी पोलादी मोजपट्टी. पाण्याचे मीटर दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये त्यांनी टर्नर म्हणून अडतीस वर्षं लेथवर, धातू कातायच्या यंत्रावर, काढली, आणि तिथं साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना 'व्हर्नियर' म्हणूनच हाक मारत. लग्न होऊन मी या घरात आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी चहा ओतत होते. शेजारी येऊन त्यांनी शांतपणे सांगितलं, की डावीकडून तिसरा कप बाकीच्यांपेक्षा दोन मिलिमीटर बुटका आहे. सासूबाई आतून म्हणाल्या, "लक्ष नको देऊस गं. माझं नाक मोजून मगच होकार दिलाय त्यांनी."

असा माणूस निवृत्त होऊन दिवसभर घरात राहणार, याची आम्हा सगळ्यांना धास्ती होती. पहिल्या तीन महिन्यांत बाबांनी घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्या काढून परत बसवल्या. चौथ्या महिन्यात विमानं आली आणि आम्ही सुटलो.

बाजारात छंदाच्या सामानाचं एक दुकान आहे. तिथं प्लास्टिकच्या विमानांचे डबे मिळतात. डब्यातले सुटे भाग जोडायचे, रंगवायचे आणि खऱ्याची हुबेहूब छोटी आवृत्ती करायची. हा पोरांचा खेळ असेल अशी माझी समजूत होती, पण गिऱ्हाईक सगळं चाळिशीच्या पुढचं. दुकानदारानं एकदा बाबांपाशी रडगाणं गायलं. विमानं देखणी होतात हो, पण चाकांचे दांडे प्लास्टिकचे, काडीएवढे. वरचं वजन पेलत नाही, पाय वाकतात आणि वर्षभरात विमान कपाटात पोटावर बसतं. बाबांनी तिथंच काउंटरवर एक पाय मोजला आणि आठवड्यानं धातूचा करून नेऊन दिला. दुकानदारानं तो चार जणांना दाखवला. त्या चौघांनी आणखी चाळीस जणांना.

मग घरामागच्या खोलीत घड्याळजी वापरतात तसला छोटा लेथ आला. बाबा त्यावर पितळेची नळी कातत. विमानाच्या नाकावर हवेचा वेग मोजणारी नळी असते ती, बंदुकांच्या नळ्या, शिडीच्या दांड्या. पायांसाठी आधी पितळेचा एक अस्सल नमुना, ज्याला ते मास्टर म्हणत. त्यावरून रबराचा साचा, आणि साच्यात कथलाचा पातळ रस. घरातली भाषाच बदलली. खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या हिश्श्याचं ते 'अठ्ठेचाळीस', बहात्तराव्याचं ते 'बहात्तर'. बाबा एकदा म्हणाले, आपलं स्वयंपाकघर बहात्तरात केलं तर काडेपेटीवर बसेल. सासूबाईंनी विचारलं, मग मला कुठं उभी करणार. ते म्हणाले, काडीच्या गुलाएवढी जागा पुरेल तुला. दोन दिवस अबोला होता.

मी रसायनशास्त्राची पदवीधर. तोवर त्या पदवीचा उपयोग कपड्यांवरचे डाग काढण्यापुरताच झाला होता. बाबांनी पहिल्यांदा म्हटलं, तुला आम्लाची माहिती आहे, बस इकडे. पातळ पत्र्यावर आम्लानं कोरून मी वैमानिकाच्या सीटचे पट्टे करायला शिकले, नखाएवढ्या पत्र्यात आठ बकलं. नंतर कानसही हातात आली. साच्यातून निघालेल्या पायावर दोन बाजूंनी बारीक शिवण राहते, ती घासून काढायची, पाय पुडीत घालायचे आणि पुडी पुठ्ठ्याला टाचायची, हे माझ्याकडे. दुपारी भांडी आवरली की खोलीत आम्ही दोघं. बोलणं थोडं. कानशीचा आवाज चुकला तर ते मान न वळवता म्हणत, "उलटी घासतेयस."

मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकू लागले. एकाचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं ते आज-उद्या करत राहिले. एक दिवस मी पुड्या भरताना बघितलं, एका बंदुकीच्या नळीचं भोक मधोमध नव्हतं. मी ती बाजूला काढली आणि आधीच्या साठ्यातली चांगली नळी पुडीत घातली. बोलले नाही. आठ दिवसांनी एका पायाची खुंटी जाड निघाली, ती घासून बारीक केली. तेव्हाही बोलले नाही. त्यांना वाईट वाटू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत असे, आणि ते खोटं नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं. व्हर्नियरच्या चुका आपल्याला सापडतात, आणि आपण त्या कुणाला न कळता निस्तरतो, याचं आतल्या आत मला बरं वाटत होतं. ज्या माणसानं माझा कप बुटका काढला होता, त्याच्या हातावर माझा हात आला होता.

अशात एक मेकॅनिक आले. विमानतळावर तीस वर्षं नोकरी केलेले, बोटं जाडजूड, आता त्या बोटांना कंप. त्यांना एक शेवटचं विमान करायचं होतं, अठ्ठेचाळीसमध्ये, आणि तेही अमुक एका जातीचं नव्हे, तर ते एकच. त्यांच्या हाताखालचं. त्या विमानाच्या डाव्या पायातलं तेल सतत गळायचं. कितीदाही दुरुस्त केलं तरी सकाळी ते डावीकडे कललेलं सापडायचं, म्हणून सगळे त्याला 'लंगडी' म्हणत. तिचे ठरलेले एक वैमानिक होते, ते रोज चढण्याआधी डाव्या पंखाखाली तळहात लावून म्हणायचे, "ऊठ बाई." ते वैमानिक आता अंथरुणाला खिळले होते. मेकॅनिकना लंगडी करून त्यांच्या उशाशी ठेवायची होती.

हे सगळं ते बाबांशी बोलले. मी त्या दिवशी आईकडे गेले होते. बाबांनी मास्टर केले तेव्हाही मला काही सांगितलं नाही, कारण सांगायची आमच्यात पद्धतच नव्हती. ते करत, मी घासत असे.

साच्यातून चार जोड्या निघाल्या. मी पहिली जोडी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि बघते तर एक पाय आखूड. दुसरी जोडी बघितली. तीही तशीच. मला वाटलं, संपलं, आता मास्टरच चुकायला लागले. मी बाबांकडे बघितलं. ते खिडकीपाशी एक डोळा मिटून सुईत दोरा ओवावा तसं काहीतरी करत होते. मी त्यांचा जुना व्हर्नियर घेतला. फरक पाऊण मिलिमीटर. मग उजवा पाय, जो लांब होता, तो खांद्याशी घासायला घेतला. कथील मऊ असतं. थोडं घासायचं, मोजायचं, परत घासायचं. चारही जोड्या मी अशा जुळवल्या की व्हर्नियरलासुद्धा फरक सापडेना. इतकं नेमकं काम माझ्या हातून आधी कधी झालं नव्हतं. दोन जोड्या मेकॅनिकना गेल्या, दोन डब्यात राहिल्या.

दीड महिन्यानं मेकॅनिक परत आले. मी चहा घेऊन गेले तेव्हा ते खुर्चीच्या टोकावर बसून माफी मागितल्यासारखं बोलत होते. विमान छान झालं म्हणाले. वैमानिकांच्या उशाशी नेऊन ठेवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "कुणाचं आहे हे?" मेकॅनिकना वाटलं, वय झालं, आठवत नसेल. दुसऱ्या दिवशी गेले तर विमानाच्या उजव्या चाकाखाली औषधाच्या चिठ्ठीची घडी घातलेली. विमान डावीकडे कललेलं. आणि वैमानिक त्याच्याकडे तोंड करून झोपलेले.

"माझाच हात थरथरला असणार पाय बसवताना," मेकॅनिक म्हणाले. "तरी तुमच्याकडे उरलेली एखादी जोडी जरा मोजून बघता का? माझ्या मनाच्या समाधानासाठी."

कपांचा ट्रे माझ्या हातात होता. बाबांनी डबा उघडला, एक जोडी काढली, आधी डावा पाय मोजला, मग उजवा. मग परत डावा. मला त्या वेळी सगळं कळलं, आणि बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी ट्रे खाली ठेवला आणि साखर हवी का विचारलं.

"तुमचा हात नाही चुकला," बाबा म्हणाले. "चूक माझ्याकडची आहे."

मेकॅनिक गेल्यावर बाबांनी खोलीचं दार लोटून घेतलं. संध्याकाळी बाहेर आले तेव्हा लेथवर जुनी चादर घातलेली होती. दुसऱ्या दिवशी ते दुकानदाराला सांगून आले, की हातातली कामं दुसऱ्याला द्या. जेवताना आम्हाला म्हणाले, जवळच्या टेक्निकल शाळेला लेथ देऊन टाकतोय, येत्या शनिवारी माणसं न्यायला येतील.

मी रात्रीपर्यंतही थांबले नाही, आमच्या ह्यांना लगेच बाजूला घेऊन सांगितलं. ह्यांनी ऐकलं आणि म्हणाले, आता सांगून त्यांना आणखी त्रास कशाला. कधीतरी थांबायचंच होतं, वय झालंय. मला हे पटलं नाही, पण सोयीचं होतं. सोमवार गेला, मंगळवार गेला. रोज सकाळी मी ठरवायची आणि रोज दुपारी काहीतरी काम निघायचं. कपाट आवरलं. पडदे धुतले. त्या आठवड्याइतकं स्वच्छ घर कधी नव्हतं.

बाबा पुढच्या खोलीत बसून असत. व्हर्नियर त्यांनी खोलीतच ठेवला होता, पण खिसा काही वर येईना. रिकामा खिसा तसाच ओघळलेला. मधेच त्यांचा हात तिकडे जायचा आणि मागे यायचा. स्वयंपाकघरात येऊन डब्यांची झाकणं उघडून बघायचे, कुठलं सैल आहे, कुठलं घट्ट. गुरुवारी सासूबाईंचा संयम सुटला. मला म्हणाल्या, "अगं, यांना परत त्या खोलीत घाल बाई. चाळीस वर्षं मी कपड्यांतून लोखंडाचा कीस धुतला, कधी तक्रार केली? पण हे असलं कोरडं बसणं मला बघवत नाही." मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "एक चूक झाली तर झाली. यांना वाटतंय हात गेला. हात गेला तर काय उरलं त्यांचं?"

शुक्रवारी दुपारी मी त्यांच्या समोर जाऊन बसले. वाक्य पाठ केलं होतं, ते आलं नाही.

"बाबा, ते पाय मी घासले होते."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. नीट, काठाला काठ लावून. "माहीत आहे."

"कसं?" मी विचारलं.

"मास्टर डब्यात होते ना," ते म्हणाले. "मेकॅनिक गेल्यावर मोजले. डावा आखूड, उजवा लांब. जसे केले तसेच. साचा आपणहून पाय घासत नाही."

म्हणजे त्यांना त्या संध्याकाळपासून ठाऊक होतं. मी पडदे धुतले तेव्हा ठाऊक होतं, मी ताटात दुसऱ्यांदा भात वाढला तेव्हाही. मी कसंबसं विचारलं, की मग बोलला का नाहीत, आणि लेथ कशाला देताय, चूक तर तुमची नव्हतीच.

मग त्यांनी जे विचारलं, त्याची मी तयारी केली नव्हती.

"कधीपासून?"

ते त्या चार जोड्यांबद्दल विचारत नव्हते. एवढ्या सफाईनं कुणी पहिल्याच खेपेला घासत नाही, हे टर्नरला न कळायला काय झालं. लंगडीचा पाय चुकला म्हणून लेथ चालला नव्हता. सून आपलं काम मागून दुरुस्त करते, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नाही, म्हणून चालला होता.

"मागच्या उन्हाळ्यापासून," मी म्हटलं.

ते उठले आणि मागच्या खोलीतून चित्रांची वही आणि व्हर्नियर घेऊन आले. प्रत्येक भागाचं माप ते पेन्सिलीनं त्या वहीत काढून ठेवत. मला म्हणाले, आठव. मी आठवून आठवून सांगत गेले आणि ते पानं उलटत गेले. अकरा गोष्टी निघाल्या. भोक मधोमध नसलेली नळी, ते म्हणाले, हो, माझी चूक. जाड खुंटी, माझी. अशा सात निघाल्या. प्रत्येक वेळी ते पानाच्या कोपऱ्यात एक बारीक फुली मारत होते, आणि सातव्या फुलीला पेन्सिलीचं टोक मोडलं. ते मी उचलून दिलं.

उरलेल्या चार गोष्टी मात्र चुका नव्हत्याच. एक नाकावरची नळी खाली झुकलेली होती, ती मी सरळ केली होती. त्या जातीच्या विमानाला ती तशीच असते, वहीत कोनसुद्धा लिहिलेला होता. एका शिडीची एक पायरी वाकडी होती, गिऱ्हाइकानं फोटो पाठवून तशी मागितली होती. मागच्या चाकाचा दांडा एका बाजूला वळलेला होता, कारण विमान वळताना दाखवायचं होतं. आणि चौथी लंगडी. तीन वस्तू कुणाकुणाच्या कपाटात माझ्यामुळे सरळ उभ्या आहेत. त्यांच्या मालकांपैकी कुणीही तक्रार केली नव्हती. त्यांना वाटलं असेल, व्हर्नियरनं केलंय म्हणजे बरोबरच असणार.

"तुला विचारायला काय झालं होतं?" बाबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

विचारलं असतं तर तुमचे डोळे गेले असं तोंडावर म्हटल्यासारखं झालं असतं, हे मी सांगितलं. त्याखालचं जे होतं, ते कपाच्या दिवसापासूनचं, ते मला सांगता आलं नाही. बहुतेक त्यांनी ते मोजलं असावं.

त्यांनी टेक्निकल शाळेला फोन करून थांबायला सांगितलं. मला क्षमा वगैरे काही केली नाही. म्हणाले, मेकॅनिकना तू स्वतः सांग.

मी पत्र लिहिलं, चार वेळा फाडून. त्यांचा फोन आला. मला वाटलं रागावतील, तर ते हसले, आणि हसता हसता थांबले. म्हणाले, "ताई, मी त्या दिवसापासून ब्रशला हात लावला नव्हता. म्हटलं, आपली बोटं गेली. बायकोला सगळे रंग वाटून टाकायला सांगितले होते." मी ट्रे खाली ठेवून साखर विचारली होती, त्या एवढ्याशा वेळात दोन म्हाताऱ्या माणसांनी आपापले हात कामातून काढून ठेवले होते.

बाबांनी त्याच साच्यातून लंगडीची नवी जोडी ओतली, शिवणीसकट, आणि माझ्या कानशीखाली न आणता तशीच पाठवली. ती बसवायची वेळ आली नाही. मेकॅनिक विमान न्यायला गेले, तर वैमानिक देईनात. आता ठीक उभी आहे म्हणाले. औषधाच्या चिठ्ठीची घडी चपटी झाली की मुलीकडून नवी घालून घेतात.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन बाबांनी पुढच्याच महिन्यात करून घेतलं. लेथवरची चादर निघाली. आता साच्यातून काही वेडंवाकडं निघालं, की मी ते तळहातावर धरून त्यांच्यासमोर नेते आणि विचारते, "हे मुद्दाम?" पुष्कळदा ते लगेच हो म्हणतात, जरा ऐटीत, आणि कारण सांगतात. कधी कधी वस्तू हातात घेतात, खिडकीपाशी जातात, व्हर्नियर लावतात, परत लावतात. मी तिथंच उभी राहते. त्या वेळी मान खाली घालून दुसरं काम करायची मला फार इच्छा होते, पण मी उभी राहते.

काल असाच एक पाय होता, बहात्तरमधला, तांदळाच्या दोन दाण्यांएवढा. ते बराच वेळ बघत होते.

"नाही," म्हणाले. "मुद्दाम नाही. घास."

आणि मी घासायला बसले, तर माझ्या शेजारी स्टूल ओढून तेही बसले.